शाळेतील समुपदेशक : नियमात आहे, संचमान्यतेत नाही

माघ महिना लागला आणि दहावी-बारावीची प्रवेशपत्रे हाती पडली, की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून थेट बदलापूर गावापर्यंत आपल्या औषधालयांत सारस्वतारिष्टाचा खप वाढतो, हे कोणत्याही औषधविक्रेत्यास वेगळे सांगावयास नको. ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्योतिष्मती यांची नावे घेत पालक येतात आणि 'स्मरणशक्तीचे काहीतरी द्या' असे म्हणतात. दोन प्रश्न अधिक विचारले, की निराळेच काही बाहेर येते. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. मुलगी चाचणीच्या दिवशी सकाळी न चुकता ओकते. आठवीतील मुलगा पोट दुखते म्हणून दीड महिना घरी बसून आहे आणि सोनोग्राफीत काहीही आढळलेले नाही. कधी घरातील कर्ता माणूस गेलेला असतो, कधी वर्गातील कोणाची तरी दहशत असते.

मूल दिवसाचे पाच-सहा तास जेथे घालविते तेथे, म्हणजे शाळेत, हे सर्वप्रथम कोणाच्या तरी लक्षात यावयास हवे. आपल्याकडे ते बहुधा वैद्याच्या किंवा औषधविक्रेत्याच्या लक्षात येते, कारण बहुतेक शाळांत त्या कामासाठी नेमलेली व्यक्तीच नसते. ती का नसते, नियम काय सांगतो आणि पैसा नेमका कोठे अडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वैद्यांच्या त्रैमासिकात शासकीय अनुदानाची चर्चा कशाला, अशी शंका काही वैद्यबंधूंच्या मनात येईल. तथापि या नियमांत आपल्या शास्त्राचा उल्लेख दोन ठिकाणी आलेला आहे. एके ठिकाणी आपल्याला आत घेतलेले आहे, दुसऱ्या ठिकाणी आपल्यापैकी बहुसंख्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलेले आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक असल्या पाहिजेत.

प्रथम नियम पाहू. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी दाद मागितली होती. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दि. २५ जुलै २०२५ रोजी निर्णय दिला. न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि यथोचित कायदा होईपर्यंत ती देशभर बंधनकारक राहतील असे सांगितले. त्यांतील एका तत्त्वानुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे. शंभरापेक्षा कमी पटाच्या संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भव्यवस्था जोडावयाची आहे. शिक्षक व अन्य कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोन वेळा प्रशिक्षण द्यावयाचे आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता, हे लक्षात घेता न्यायालयाने अतिरेक केला असे कोणी म्हणणार नाही.

नियम असा स्पष्ट आहे. त्या समुपदेशकाचा पगार कोणी द्यावयाचा, हे मात्र त्यात नाही.

आपल्या राज्यात शाळेला मिळणारा शासकीय पैसा मुख्यत्वे वेतनाच्या रूपाने येतो, आणि वेतन हे मंजूर पदावर मिळते. पदे किती व कोणती, हे दरवर्षी पटसंख्येवरून ठरते. त्यालाच संचमान्यता म्हणतात. तिचे सुधारित निकष दि. १५ मार्च २०२४ रोजी निघाले. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिक्षक आणि शिक्षकेतरांमध्ये लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळेचा कर्मचारी ही पदे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. समुपदेशक हे पद या रचनेत नाही. पद नाही म्हणून वेतन नाही, आणि वेतन नाही म्हणून माणूस नाही, असा हा सरळ हिशेब आहे. येथे जाता जाता एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. अनुदानित शाळांतील शिपायाचे पद रिकामे झाले, की ते न भरता त्याऐवजी ठोक भत्ता देण्याचे धोरण डिसेंबर २०२० मध्येच आले आहे. ज्या रचनेतून शिपाईदेखील हळूहळू बाहेर पडत आहे, तिच्यात एक नवे पद शिरवावयाचे, तर केवळ न्यायालयाच्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांच्या मेजावर ठेवून भागणार नाही.

त्यातही शाळांचे प्रकार अनेक. महानगरपालिका, नगरपरिषद व जिल्हा परिषद यांच्या शाळा. पूर्ण अनुदानित शाळा. वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान मिळविणाऱ्या अंशतः अनुदानित शाळा. आणि २०१२ च्या कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा, ज्यांचा मुळी शासनाच्या पैशाशी संबंधच नाही. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली आणि त्यानंतर पूर्वेस व पश्चिमेस उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांची गणना व्हावयाचीच आहे. मुंबईस नोकरीला जाणाऱ्या या कुटुंबांची मुले मोठ्या प्रमाणावर शुल्क भरून इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. केंद्रीय मंडळाशी संलग्न माध्यमिक शाळांवर समुपदेशक नेमण्याचे बंधन त्या मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता नियमांतच आहे. त्याचा खर्च अर्थातच पालकांच्या शुल्कातून होतो. याउलट अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगाराचे अथवा उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराचे मूल पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बसते. अधिक ताण कोणाच्या घरात आहे, हे आपल्या चिकित्सालयातील बाकावर रोज दिसते. समुपदेशक मात्र शुल्काच्या मागे जातो.

पालिकेच्या शाळेने स्वतःच्या पैशातून कोणास नेमावे म्हटले, तर काय होते? समग्र शिक्षा योजनेत शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांना पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. १०१ ते २५० पटास वर्षाला ५०,००० रुपये आणि २५१ ते १००० पटास ७५,००० रुपये, असा त्याचा दर ठरलेला आहे. यांतील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे. उरलेल्यांतून वीजबिल, खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्ती, पाण्याची व्यवस्था. समजा तीनशे मुलांच्या एखाद्या शाळेने दिवे बंद ठेवून, झाडूही न घेता, संपूर्ण अनुदान समुपदेशकावर खर्च करावयाचे ठरविले, तर महिन्याला ६,२५० रुपये होतात. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतलेली व्यक्ती तेवढ्यावर येणार नाही, आणि जी येईल ती टिकणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात जे घडले, त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. चार वर्षांच्या दोन बालिकांवर शाळेतच अत्याचार झाला. दि. २० ऑगस्ट रोजी नागरिक रेल्वेमार्गावर उतरले, दिवसभर गाड्या थांबल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, दि. २१ ऑगस्ट रोजी, शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. शाळांनी एका महिन्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांच्या पूर्वचारित्र्याची पोलिसांकडून पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, सखी-सावित्री समिती कार्यान्वित करावी, अनुचित प्रकार कळल्यापासून चोवीस तासांच्या आत तो वरिष्ठांना कळवावा, असे त्यात सांगितले होते. कॅमेरे न बसविल्यास अनुदान रोखण्याची किंवा मान्यता काढण्याची तरतूदही होती. स्थानिक संस्थांच्या शाळांतील कॅमेऱ्यांसाठी जिल्हा नियोजनाच्या निधीचा मार्ग दाखविण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि न्या. साधना जाधव व न्या. शालिनी फणसळकर-जोशी या निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. त्यानंतर मे २०२५ मध्ये विद्यार्थी-सुरक्षेविषयी सविस्तर सूचनाही निघाल्या.

या सर्व उपायांची गरज नव्हती, असे कोण म्हणेल? परंतु कॅमेरा हा घटना नोंदवितो. चार वर्षांचे मूल 'शाळेत जायचे नाही' म्हणून रडू लागते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, लघवीच्या जागी दुखते म्हणून सांगते, ते कॅमेऱ्यास दिसत नाही. ते ओळखणारा माणूस लागतो. त्या वेळी आपल्या परिसरातील अनेक चिकित्सालयांत पालक आपल्या मुलींना घेऊन आले. कित्येकींना झालेले काहीच नव्हते, पण घरातील मोठ्यांच्या भीतीने मुलीही भेदरल्या होत्या. त्या आठवड्यात तिन्ही शहरांतील शाळांत प्रत्येकी एक प्रशिक्षित समुपदेशक असता, तर त्याने केवढे काम केले असते! कॅमेऱ्यासाठी निधीचे लेखाशीर्ष एका दिवसात सापडले, कारण कॅमेरा एकदा विकत घेता येतो. माणसास दरमहा पगार द्यावा लागतो, आणि शासनाची भीती त्या 'दरमहा' या शब्दाची आहे.

आरोग्य खात्याची शीर्षे

शिक्षण खात्याकडे पद नाही, पण आरोग्य खात्याकडे योजना आहेत. त्यांपैकी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा. बाराव्या पंचवार्षिक योजनेत या कार्यक्रमासाठी एका जिल्ह्यास वर्षाला ८३.२ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले होते आणि शाळांतील जीवनकौशल्य शिक्षण व समुपदेशन हा त्याचाच एक घटक होता. आकडा ऐकावयास बरा वाटतो. आता हे पाहा : २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ आणि अंबरनाथची २,५३,४७५ होती. बदलापूर धरून ही तीन शहरेच नऊ लाखांच्या पुढे जातात; ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, नवी मुंबई व मीरा-भाईंदर आणखी आहेतच. मानसरोगतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, औषधे, प्रशिक्षण, प्रवास हे सर्व एकाच रकमेतून. सिंधुदुर्गास जे माप, तेच ठाण्यास. शाळेच्या वाट्याला त्यातून वर्षातील एखादे व्याख्यान येते.

दुसरी योजना फेब्रुवारी २०२० ची. आयुष्मान भारत अंतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करावयाचे आणि अकरा विषयांवर त्यांनी आठवड्यातून एक तास घ्यावयाचा. भावनिक स्वास्थ्य हा त्या अकरांपैकी एक. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे सांभाळून शिक्षकांनी तो तास कसा घ्यावा, हा प्रश्न त्यांच्या संघटनांवर सोडू.

आपल्या दृष्टीने तिसरी योजना सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तिचा देशव्यापी प्रारंभ दि. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, झाला. तिच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक पुरुष व एक स्त्री, असतात. सोबत परिचारिका व औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करावयाची. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गटांत सुमारे तीस अवस्था पाहावयाच्या. त्यांत अध्ययन-अक्षमता व अवधानदोष आहेत, आणि किशोरवयीनांच्या तपासणीपत्रकात व्यसन आहे का, उदास वाटते का, असेही प्रश्न आहेत. याचा अर्थ असा, की शाळेतील मुलाच्या मनाची पहिली शासकीय चौकशी करण्यासाठी शासन ज्याला मानधन देते तो डॉक्टर बहुधा आपला बी.ए.एम.एस. बंधू किंवा भगिनी आहे. कंत्राटी का असेना, पद आहे, शीर्ष आहे, पैसा आहे.

अडचण पुढे आहे. रांगेत उभ्या असलेल्या चाळीस मुलांसमोर, दात आणि डोळे पाहून झाल्यावर, 'तुला उदास वाटते का' असे विचारले तर कोणता मुलगा होय म्हणेल? आणि समजा म्हणाला, तर त्यास पाठवावयाचे कोठे? जवळचे शासकीय स्थान म्हणजे उल्हासनगर-३ चे मध्यवर्ती रुग्णालय. त्यापुढे जिल्हा पातळीवरील लवकर निदान व उपचार केंद्र, आणि मग १९०१ पासूनचे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. 'ठाण्याला न्यावे लागेल' या वाक्याचा आपल्या बोलीत जो अर्थ झाला आहे, तो पाहता कोणती आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीस तेथे नेण्यास तयार होईल? अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यासाठीही तीच पायपीट. १९९६ पासून महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती आहेत, पण तो दाखला मिळविण्यासाठी बदलापूरहून निघून, कुर्ल्याला गाडी बदलून शीवच्या रुग्णालयात खेटे घालणारे पालक आपण पाहिले आहेत. रोजंदारीवरच्या बापास असे तीन-चार खाडे परवडत नाहीत. मग 'मूल मठ्ठ आहे' एवढ्यावर निदान थांबते.

योजनेचा पैसा आणि पदाचा पैसा यांतील फरक बाहेरच्या उदाहरणांवरून चांगला कळतो. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून शाळांतील मानसिक आरोग्यासाठी शंभर कोटी डॉलर ठेवले. त्यातून ठिकठिकाणी समुपदेशक नेमले गेले. एप्रिल २०२५ मध्ये तेथील शिक्षण विभागाने अनेक अनुदाने पुढे चालू ठेवणार नसल्याचे कळविले आणि नेमलेली माणसे अधांतरी झाली. शंभर कोटी डॉलरचे असे, तर आपल्या लाखांचे काय? अधिक उपयोगाचे उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे. तेथे शिक्षण विकास महामंडळामार्फत माध्यमिक शाळांना समुपदेशक पुरविण्याची व्यवस्था उभी करण्यात आली. केरळने हे काम महिला व बाल विकास विभागाकडून करून घेतले. दोन्ही ठिकाणी शाळेने माणूस शोधावा आणि पगारही शोधावा, असे म्हटलेले नाही. आपल्याकडेही २०२४ मध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्यात आली. एका केंद्रातील अनेक शाळांना मिळून एक. समुपदेशकाचे पद याच धर्तीवर निर्माण होऊ शकते. प्रत्येक शाळेस एक मिळेल तेव्हा मिळो, केंद्रास एक मागणे आज शक्य आहे, आणि माझ्या मते मागणी तीच असावी.

आपले स्थान

आता दुसऱ्या उल्लेखाकडे वळू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकास स्थान आहे. ही आपल्या शास्त्रास मिळालेली मोठी मान्यता होय, आणि आपल्या व्यासपीठांवरून तिचा उच्चार पुरेसा होत नाही. परंतु पदवी-पातळीवरील वैद्य या व्याख्येत येत नाही. पंचवीस वर्षे व्यवसाय केलेला असो, सत्त्वावजय मुखोद्गत असो, त्यास शाळेच्या पटावर समुपदेशक म्हणून नोंदविता येणार नाही. काहींना हे कटू वाटेल. मला ते योग्य वाटते. अस्थिभंगाचे सामान्य ज्ञान असल्याने आपण शल्यतंत्राची पाटी लावीत नाही.

हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत 'स्मरणशक्ती शिबिर', 'परीक्षा-तणाव शिबिर', पुष्य नक्षत्राच्या दिवशी शाळेतच सुवर्णप्राशन, असे प्रस्ताव घेऊन आपले काही बंधू शाळांकडे जात आहेत. पालकांची लेखी संमती, शुद्ध औषध आणि वयानुरूप मात्रा असेल तर सुवर्णप्राशनास माझा आक्षेप नाही. आक्षेप निराळा आहे. एखादी व्यवस्थापन समिती हेच शिबिर तपासणी अधिकाऱ्यास दाखवून 'आमच्याकडे मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला' असे लिहून मोकळी होईल. समुपदेशकाच्या रिकाम्या जागेवर आपल्या शिबिराचे छायाचित्र चिकटविले जाईल आणि पद मागण्याचे कारणच नाहीसे होईल. शाळांत आयुर्वेदीय जीवनशैली शिकविण्यासाठी राष्ट्रीय आयुष अभियानात 'आयुर्विद्या' हा घटक आहे. ज्यांना शाळेत दिनचर्या, निद्रा, आहार या विषयांवर बोलावयाचे आहे त्यांनी त्या मार्गाने जावे. ते आरोग्यशिक्षण होय. त्यास समुपदेशन म्हणू नये.

चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजयाचा निर्देश केला, तो अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करण्याचा उपक्रम म्हणून. त्यासाठी वेळ लागतो, पुनःपुन्हा भेट लागते. मेध्य रसायने मंडूकपर्णी, यष्टिमधू, गुडूची, शंखपुष्पी ही त्या कामी साहाय्य करतील. संवादाची जागा ती घेणार नाहीत. येथे आपल्याच व्यवहाराकडेही पाहावे. आपल्या भागात रुग्ण तपासणीसह तीन दिवसांच्या पुड्यांचे मिळून शुल्क देतो. पुडी दिली नाही तर 'नुसते बोलण्याचे पैसे' द्यावयास तो कुरकुरतो, आणि आपणही ते मागण्यास संकोचतो. शासनाच्या अंदाजपत्रकात संवादाचे शीर्ष नाही म्हणून आपण तक्रार करतो, पण ते आपल्या पावतीपुस्तकातही नाही. मुलाशी व त्याच्या आईशी अर्धा तास बोलण्याचे शुल्क वेगळे लिहावयास आपण सुरुवात केली, तर कालांतराने विमा कंपन्यांशी किंवा पालिकेशी बोलताना काही आधार तरी राहील.

मग करावयाचे काय? सखी-सावित्री समितीच्या रचनेत वैद्यकीय क्षेत्रातील महिलेस स्थान आहे. तिन्ही शहरांतील आपल्या वैद्य भगिनींनी आपल्या जवळच्या शाळेकडे त्यासाठी लेखी तयारी दर्शवावी. समितीचे सदस्यत्व पगारी नसते, परंतु वर्षभर शाळेत ये-जा करण्याचा अधिकार त्यातून मिळतो. शंभराहून कमी पटाच्या शाळा अंबरनाथ तालुक्याच्या गावांत आहेत. त्यांना बाहेरील तज्ज्ञांशी संदर्भव्यवस्था जोडणे आवश्यक आहे. मानसरोग विषयातील आपले पदव्युत्तर वैद्य, परिसरातील मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांची नावे, वेळा व शुल्क असलेली एक यादी संघटनेने करून मुख्याध्यापकांना दिली, तर त्या शाळांचे निम्मे काम होईल. उल्हासनगर महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांची अंदाजपत्रके वर्षारंभी तयार होतात. केंद्रनिहाय एका समुपदेशकाच्या मानधनाची तरतूद शिक्षण वा आरोग्य शीर्षाखाली करावी, असे पत्र त्यापूर्वी गेले पाहिजे. मार्चनंतर पाठविलेले पत्र म्हणजे ऋतू उलटल्यावर केलेले शोधन.

बाल स्वास्थ्य पथकांत काम करणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना एक विनंती. उदासीनतेचा प्रश्न रांगेत विचारू नका. वर्गशिक्षिकेकडून आधी तीन-चार नावे मागून घ्या आणि त्या मुलांशी शेवटी, बाजूच्या खोलीत, दार उघडे ठेवून, परिचारिकेच्या उपस्थितीत बोला. यास निधी लागत नाही, वेळापत्रकातील पंधरा मिनिटे लागतात.

राहता राहिला औषधविक्रेत्यांचा गल्ला. सारस्वतारिष्ट मागणाऱ्या पालकास तीन प्रश्न विचारावेत : हे केव्हापासून, झोप व भूक कशी आहे, आणि मूल कोणास किंवा कशास घाबरते का. अरिष्टकल्पनेत संधानजन्य मद्यांश असतोच, म्हणून लहान वयात मात्रा वैद्यानेच ठरवावी, हे सांगण्यास संकोचू नये. मूल 'मला जगायचेच नाही' असे म्हणत असल्याचे पालकांनी सांगितले, तर बाटली बाजूला ठेवून त्यांना त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे आणि तोवर मुलास एकटे ठेवू नये असे बजवावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो निःशुल्क आहे, अहोरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. दुकानात जेथे आरोग्यवर्धिनीचे फलक लागतात तेथे एक कागद याचाही लागावा.

आणि मुलाने किंवा पालकाने लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितले, तर बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यातील कलम १९ आपणास, वैद्य असो वा विक्रेता, लागू होते. पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. 'घरचा मामला आहे, बदनामी होईल' ही सबब कायद्यास मान्य नाही. मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, दिनांक व वेळेसह लिहून ठेवावे, पुनःपुन्हा खोदून विचारू नये आणि शारीरिक तपासणीचा प्रयत्न स्वतः करू नये. ती शासकीय रुग्णालयात व्हावयाची असते, आणि मुलगी असल्यास महिला डॉक्टरकडूनच. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.